चौथी तार

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या चर्चचे पाळक काहू नाओने, व्यासपीठावर लेईंच्या, या फुलमाळांच्या, ढिगात हनुवटीपर्यंत बुडालेले आजचे सत्कारमूर्ती अंकल तादाओ मिझुनो, त्यांना कायमचं लास वेगासला न्यायला आलेल्या त्यांच्या कन्या जोआन, आणि केऔकाहातल्या माझ्या भावाबहिणींनो, सर्वांना सप्रेम अलोहा.

महिला मंडळाने मला पाच मिनिटं दिली आहेत. शाळेनंतर मी काही शिकले नाही, म्हणून कागद लिहून आणलाय. धास्ती मात्र भाषणाची नाही. कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर कोण आहे, वाचलंत ना? माझे यजमान हायरम उकुलेले वाजवणार आहेत. त्याच्या तारा अंकलनी मंगळवारी बदलल्या. आज शनिवार.

अंकलनी या गावाची किती वाद्यं दुरुस्त केली, हे माझ्याआधीचे वक्ते सांगून गेले. मी एकाच वाद्याचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी हायरमना अर्धांगवायूचा झटका आला. जीभ जड झाली, डाव्या हाताची बोटं ढिली पडली. ज्यांचं गाणं ऐकायला लोक चर्चच्या पायऱ्यांवर बसत, ते गप्प झाले. उरला तो हा विजेवरचा उकुलेले, चार तारांचं गिटारचं पिल्लू. आत पोकळ नाही, नुसता लाकडाचा ठोकळा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली एक पट्टी आहे, ती तारेची थरथर पकडून कर्ण्यापर्यंत नेते. बोट हलकं पडलं तरी आवाज भरून येतो. रविवारी स्तोत्रांना ते साथ करत, आणि मला वाटे, माझा नवरा बोलतोय.

मागल्या महिन्यात तार तुटली. हायरमनी वाद्य पेटीत घातलं आणि पेटी पलंगाखाली सरकवली. नऊ दिवस काढली नाही. मी रोज गुडघे टेकून एकच मागायचे, प्रभू, बोटं ने, पण मन नेऊ नकोस.

शेवटी मीच बाजारातून तारा आणल्या. विजेचं वाद्य म्हणजे धातूच्याच तारा लागणार, असा माझा हिशेब. घरीच खुंट्या पिळायला बसले. तिसऱ्या तारेला घोडीतून कर्र आवाज आला आणि घोडी एका कडेने उचलली गेली. हसू नका. त्या क्षणी मला वाटलं, यांची वाचा दुसऱ्यांदा गेली, तीही माझ्या हातून.

वाद्य टॉवेलात गुंडाळून अंकलकडे धावले. त्यांनी आधी सगळ्या तारा सैल केल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"लेइमोमी, हा उकुलेले आहे. गुरांचं कुंपण नाही."

"मोडला का, अंकल?"

"मोडणार होता. तू दम खाल्लास म्हणून वाचला. घोडी चिकटवतो. याला नायलॉनच लागतं, वीज असो नसो."

मग त्यांनी तारा दाखवल्या. मऊ नायलॉनच्या चारही, लहान पोरंसुद्धा दाबतील अशा. पण हायरमची ओळख होती ती त्यांची चौथी तार. जाड, आतून नायलॉनच पण वरून धातूने मढवलेली, खालच्या सुराची. ती दाबायला बोटात जोर लागतो. मी म्हणाले, "चौथीही मऊच लावा."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं तर त्यांच्या बोटांबद्दल मला काय वाटतं ते त्यांना कळेल."

"बोटं त्याची आहेत ना? घेऊन ये त्याला."

मंगळवारी नेलं. अंकलनी वर्तमानपत्रावर तारा मांडल्या. हायरमनी एकेक तार बाकाच्या कडेवर धरून बोटाने दाबून पाहिली. तीन मऊ निवडल्या. चौथी मऊ तार परत सरकवली आणि मढवलेली उचलली.

मी म्हणाले, "अहो, ती टोचेल."

"टोचू... दे."

अंकल म्हणाले, "लेइमोमी, आत जाऊन भात झाला का बघ."

"भात तुमच्या घरचा आहे, अंकल."

"म्हणूनच सांगतोय."

त्या दिवसापासून हायरम दार लावून सराव करतात, कर्ण्याची वायर न जोडता. आणि हे वाद्य वायरीशिवाय मुकं असतं. दाराला कान लावला तर नखांची टिकटिक ऐकू येते, सूर नाही. चौथी तार दाबली जाते की नुसती खडखडते, मला माहीत नाही. त्यात नव्या तारा ताणत राहतात, लावलेला सूर तासाभरात उतरतो. काल न राहवून अंकलना विचारलं, "जमेल का हो त्यांना?" ते सामान बांधत होते. म्हणाले, "मला काय माहीत?"

आज सकाळी जोआनकडून कळलं, विमान गुरुवारचं होतं. अंकलनी ते उद्यावर ढकलायला लावलं, म्हणून ही सभाही आज होतेय. कारण सांगितलं नाही. यासाठी त्यांचे आभार कसे मानायचे, मला लिहिता आलं नाही. कागदावर तेवढी जागा रिकामीच आहे.

माझी पाच मिनिटं केव्हाच संपली, काहू घड्याळ बघताहेत. खरं सांगू? मी बोलतेय तोवर हायरम चुकलेले नाहीत, म्हणून मी थांबत नाहीये. पण ते उठून उभे राहिलेत आणि वायर त्यांनी स्वतःच जोडली आहे.

महिला मंडळाचे, आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते माझं समजून पोटात घाला. हायरमचा सूर अडला, तर मात्र कृपा करून दयेच्या टाळ्या वाजवू नका. थांबा. त्यांना तो पुन्हा शोधू द्या.

मी बसते.