भिंतीची ओल

घरांच्या एजंटांना आता परवान्यासाठी परीक्षा सक्तीची झाली होती. परीक्षा केंद्राच्या दाराशी उजळणी करणाऱ्या बाईचं पुस्तकातून लक्षच उडालं; शेजारच्या बाकावर एक लेक आपल्या म्हाताऱ्या एजंट बापाची तयारी करून घेत होती.

“भिंतीला ओल असेल तर, बाबा?”

“तिथं कॅलेंडर टांगायचं.”

“बाबा! दोनदा नापास झालात. आज परवाना हुकला तर धंदा बंद!”

“बरं बाई. गिऱ्हाइकाला ओल दाखवायची.”

“कधी?”

“व्यवहाराआधी. पण खरं सांगू? माझी पहिली खोली अशीच ओली होती. एजंटानं लपवलं, म्हणून घेतली.”

“म्हणजे फसलातच की!”

“फसतोय कसला! समोरच्या गॅलरीत तुझी आई गुणगुणत कपडे वाळत घालायची.”

“हे पेपरात लिहू नका हं!”