दीड इंच बाय दीड इंच

दुकानवाली : नाही हो काका, प्रोसेसर असा मापावर नाही मिळत.

शिंपी : मिळत नाही कसा? कॉम्प्युटरचा डबा खोलून नीट मोजलाय. दीड इंच बाय दीड इंच, केसभर कमी. चाळीस वर्षं माणसं मोजतोय ताई, एवढीशी चकती चुकेन होय?

दुकानवाली : माप बरोबरच असेल. पण दिसायला सारखे ढीगभर असतात, खालच्या पिना जुळाव्या लागतात. आणि थांबा, मोजायला वरचा पंखा तुम्ही स्वतः काढलात?

शिंपी : चारच तर स्क्रू होते. खाली पांढरं काहीतरी वाळलेलं होतं, तेही पुसून टाकलं. आता कसं चकाचक दिसतंय.

दुकानवाली : अहो, ती पेस्ट होती! तिच्यामुळे प्रोसेसर तापत नाही. आता नवी लावल्याशिवाय कॉम्प्युटर चालू करू नका, हात जोडते.

शिंपी : नाही करत. तसंही कोण बसतंय त्याच्यावर? लेक नोकरीला गेली तेव्हापासून अस्तराच्या कापडाचे गठ्ठे असतात त्या टेबलावर. हा घ्या, चकतीचा फोटो काढलाय.

दुकानवाली : बघू. बापरे, बारा वर्षांपूर्वीचा आहे हा. बदलायचाच आहे का? कशासाठी हवाय?

शिंपी : लेकीसाठी. ती इमारतींची चित्रं करते, न बांधलेल्या इमारतींची. आत फिरून आल्यासारखं दिसतं सगळं. गेल्या दिवाळीत आठ दिवस राहते म्हणून आली आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरली. म्हणाली, बाबा, या डब्यावर माझं काम होत नाही, फाइल उघडेपर्यंत झोप लागते.

दुकानवाली : म्हणून हा खटाटोप?

शिंपी : मग? फाइल उघडली की राहील ना आठ दिवस.

दुकानवाली : बजेट किती?

शिंपी : या कागदावर लिहिलंय. त्याच्यावर एक पैसाही नाही, आधीच सांगतो.

दुकानवाली : हं. मग दोनच रस्ते. तुमच्या जुन्या बोर्डावर बसेल असा वापरलेला प्रोसेसर माझ्याकडे आहे, चार कोरचा. कोर म्हणजे समजा कारागीर. आत्ता तुमच्याकडे दोघं बसलेत, मग चौघं बसतील. तो बजेटमध्ये येतो, शिवाय चार पैसे उरतील. दुसरा कोरा करकरीत, सहा कोरचा. पण त्याला बोर्डही नवा लागतो आणि मेमरीही. ते तुमच्या कागदाच्या बाहेर जातं.

शिंपी : म्हणजे बटणासाठी नवा शर्ट.

दुकानवाली : अगदी तसंच. पण इमारतींचं काम म्हणताय, तर चार कोरने भागेल का, मला शंका आहे. एकदा तिलाच विचारा ना.

शिंपी : तिला कळू द्यायचं नाहीये. आली की बटण दाबेल आणि झर्रकन उघडेल, असं पाहिजे.

दुकानवाली : आणि नाही उघडलं तर? वापरलेला माल परत नाही घेत मी. आडून विचारा काहीतरी.

शिंपी : आडून बोलणं तिच्या आईचं काम होतं. दोघी तासन्‌तास बोलायच्या, मी मशीन चालवत ऐकायचो. आता ती आली की मी "जेवलीस का" विचारतो, ती "हो" म्हणते, आणि आमचं बोलणं संपतं. बरं, लावतो फोन, काय विचारायचं तेवढं सांगा.

दुकानवाली : घरून काम करायला किती कोर लागतात, एवढंच.

शिंपी : किती कोर. ठीक. तुम्हालाही ऐकू येऊ दे, मला त्यातलं ओ का ठो कळणार नाही.

(फोन स्पीकरवर आहे.)

लेक : हां बाबा. सगळं बरं आहे ना?

शिंपी : बरं आहे, बरं आहे. एक गिऱ्हाईक आलंय. त्याचा मुलगा तुझ्यासारखंच काम करतो. घरून करायचं तर किती कोर लागतात, विचारतोय.

लेक : तुम्ही आणि कोर! सांगा त्यांना, उगाच खर्च करू नका म्हणावं. आमचं सगळं काम ऑफिसच्या मोठ्या मशीनवर चालतं. घरून आम्ही नुसतं त्याला जोडतो. कुठलाही साधा चालतो.

शिंपी : साधा म्हणजे किती साधा?

लेक : अहो, आपल्या घरचा डबासुद्धा चालेल.

शिंपी : आपला चालेल?

लेक : न चालायला काय झालं? गेली दोन वर्षं सगळे असंच... बाबा?

शिंपी : ऐकतोय.

लेक : म्हणजे मी मागे म्हणाले होते ना, ते...

शिंपी : असू दे गं. कामात असशील तू. जेवलीस का?

लेक : हो. तुम्ही?

शिंपी : हो. ठेवतो मग.

दुकानवाली : बसा काका. या स्टुलावर बसा. पाणी देऊ?

शिंपी : नको.

दुकानवाली : मीच उगाच फोन करायला लावला.

शिंपी : तुमचा काय दोष? तुम्ही मालाचं विचारलंत. तो चार कारागिरांचा काढा बाहेर.

दुकानवाली : काढते, पण कशाला? ती म्हणाली ना, जुनाही चालतो. पेस्ट मी फुकट लावून देते, तुमचे पैसे वाचतील.

शिंपी : नको, बसवा तुम्ही. जुनाच ठेवला तर फोनवर मला काय कळलं ते तिला कळेल. पुन्हा यायला लाजेल पोर.

दुकानवाली : तिला कळलंच असेल आत्ता.

शिंपी : असेल. पण गिऱ्हाइकाचा कुर्ता पोटावर घट्ट झाला ना, तर मी कधी म्हणत नाही, तुमचं पोट सुटलंय. कापड आटलं म्हणतो आणि शिवण सैल करून देतो.

दुकानवाली : आणि काका, एवढं करूनही ती दुसऱ्या दिवशी निघाली तर?

शिंपी : निघेलही. मला फार वाटतं हो, तिने राहावं. संध्याकाळी मशीन बंद केलं की घर नुसतं खायला उठतं. पण राहा म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून तर टेप घेऊन डबा मोजत बसलो.

दुकानवाली : मग या प्रोसेसरने काय साधणार?

शिंपी : कॉम्प्युटरचं कारण संपेल. मग तिला दुसरं काहीतरी सांगावं लागेल. कोण जाणे, खरं सांगेल.