पाठमोरा स्वार

रेमेदियोस : आज तरी आत्याबाईंना थेटरात सोडू नका, कास्तुलोदादा. तेवढंच मागायला आलेय.

कास्तुलो : तुमच्या सासूबाई केव्हाच पहिल्या बाकावर जाऊन बसल्यात, वहिनी. मी नुसता सिनेमाचं मशीन चालवणारा. तिकीट काढून बसलेल्याला उठवू कसा?

रेमेदियोस : चार दिवस झाले. रोज घरी येऊन शेजारणींना सांगतात, ‘माझ्या एलेउतेरियोनं घळ पार केली.’

कास्तुलो : पडद्यावर करतोच की.

रेमेदियोस : शूटिंग झालं तेव्हा मी तिथं उभी होते. तुमचा तो गाणारा नट घोड्याला भ्यायला, म्हणून त्याचे कपडे माझ्या नवऱ्याच्या अंगावर चढवले. घोडा पल्याड पोचलाच नाही. दोघंही खालच्या दगडांवर.

कास्तुलो : ते कापलंय सिनेमावाल्यांनी. उडी घेतली की एकदम नटच दिसतो, पल्याड, हसत उतरताना. मग गाणं.

रेमेदियोस : आणि मागं आमचीच माणसं टाळ्या वाजवतात, कंपनीनं दिलेले पांढरेशुभ्र सदरे घालून. सिनेमातला मालक मजुराच्या लग्नात नाचतो म्हणे. आमचा मालक मयतालासुद्धा आला नाही.

कास्तुलो : लोकांना आवडतं तसं. मळ्यात राबून येतात आणि इथं बसून तोच मळा बघतात. माझी बायको दोनदा रडली.

रेमेदियोस : मग तेवढी उडी कापून टाका.

कास्तुलो : नोकरी जाईल माझी. आणि हे एक रीळ कापून काय होणार? तिकडं ग्वादालाहारा शहरात हाच सिनेमा तीन ठिकाणी चाललाय. आमचे रिळांचे डबे उद्या सकाळच्या बसनं पुढच्या गावी.

रेमेदियोस : उद्या? आत्याबाईंना सांगितलंत?

कास्तुलो : जीभ रेटेना. तुम्हीच सांगा.

रेमेदियोस : तो गेला हे सांगून वर्ष झालं, दादा. तेच अजून ऐकत नाहीत.

(कास्तुलो मशीनकडे जातो, रेमेदियोस दाराशी थांबते. दुपारचा खेळ सुटतो, कास्तुलो पुन्हा दाराशी येतो. म्हातारी हिलारिया भिंत धरत बाहेर येते.)

हिलारिया : तू पण आलीस होय गं? बरं केलंस. कास्तुलो, बाळा, एक विचारू?

कास्तुलो : विचारा ना, आजी.

हिलारिया : पाठच दिसते रे त्याची. उद्या तरी वळून बघेल का?

कास्तुलो : उद्या... आजी, उद्या...

रेमेदियोस : चला, आत्याबाई. पुढं पायरी आहे, हात द्या माझ्याकडे.