जनार्दनरावांच्या घरचा चहा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मिशन रुग्णालयाच्या समितीचे चेअरमन माननीय जनार्दनराव, व्यासपीठावरचे पाहुणे रामकृष्णपंत, आमच्या चर्चचे आदरणीय पाळकसाहेब, मराठी मंडळाचे सर्व पदाधिकारी, माझ्या वॉर्डांतल्या मुली आणि झाशीतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

परवा रुग्णालयात माझा निरोप झाला, तो हिंदीत झाला. आज घरच्या भाषेत होतो आहे. दोन्हीकडे शाल मिळाली, तेव्हा यंदाच्या थंडीची चिंता मिटली. रामकृष्णपंतांनी माझ्याविषयी इतकं चांगलं सांगितलं की मी वळून पाहिलं, मागं दुसरी कुणी मेट्रन बसली आहे की काय. आपल्या सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे.

आता कामाचं बोलते. काल जनार्दनराव मला म्हणाले, "अनुसूयाताई, उद्या नव्या नर्सेसना राग आवरण्याविषयी चार शब्द सांगा. ख्रिस्ताच्या कृपेनं तुम्ही रागावर विजय मिळवलात, तो आदर्श त्यांच्यापुढं राहू दे." अध्यक्षांची आज्ञा मोडायची नसते, म्हणून सांगते. फक्त या विजयाची बातमी त्यांना कुणी दिली ते कळलं नाही. माझा राग जागेवर आहे आणि त्याची तब्येतही उत्तम आहे.

एकोणीसशे छप्पन साली मी ट्रेनिंगला आले, तेव्हा आमच्या मेट्रन होत्या अहिल्याबाई. बरुआसागरच्या. बरोबरच्या एका मुलीनं माझ्या वरणाला नाव ठेवलं आणि मी पातेलं अंगणात भिरकावलं. अहिल्याबाई आल्या. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "राग कुणासाठी आला?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." "मग गिळ. गिळवत नसेल तर प्रार्थना कर. तरी गेला नाही तर अंगण झाड." मी झाडू हातात घेतला, पण स्वभाव कुठं जातो? जाता जाता विचारलं, "आणि दुसऱ्या कुणासाठी आला तर?" त्या म्हणाल्या, "तर हात मागं बांधायचे आणि तोंड उघडायचं. आणि दिवस बुडायच्या आत त्या माणसाच्या दारात जायचं."

इथं बसलेल्यांपैकी निम्मे ख्रिस्ती नाहीत, म्हणून ही दाराची रीत सांगते. आमची शिकवण अशी, की राग माणसाला येणारच, पण तो मनात धरून सूर्य मावळू द्यायचा नाही. म्हणून आमच्या मिशनच्या कंपाउंडात जुनी चाल आहे. ज्याचा राग आला, त्याच्या दारात उन्हं असेपर्यंत जायचं आणि कशाचा राग आला ते तोंडावर सांगायचं. ऐकणाऱ्यानं मधे बोलायचं नाही. सांगून झालं की दोघांनी मिळून प्रार्थना करायची.

पुढं झालं काय, की दारात आलेल्या माणसाला उभं कसं ठेवायचं म्हणून खुर्ची आली. खुर्चीमागून चहा आला. चहाबरोबर शेव आली. शेव खाल्लेल्या तोंडानं भांडायचं कसं? मग लोक चहा पिऊन, मुलाबाळांची चौकशी करून परत यायला लागले आणि सांगायला लागले की सूर्य मावळायच्या आत भेटून आलो. राग होता तिथंच राहिला. त्यातून जनार्दनरावांच्या घरचा चहा तर नावाजलेला. आलं घालतात.

आता जानकीचं. ती मागच्या रांगेत, दाराजवळ बसली आहे. जानकी, मान खाली घालू नकोस. आपल्या मंडळातल्या बापूरावांची ही नात, आमच्या रुग्णालयात नर्स. मराठी समजतं, बोलताना अडखळते, म्हणून रागावली तीही हिंदीतच रागावली. मागच्या महिन्यात रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. भर दुपारी एरचहून ट्रॅक्टरवर घालून एक बाई आणली, बाळंतपणाची. मूल आडवं आलेलं. तिची सासू जानकीचा हात सोडेना. "बिन्नू, मोरी बहू खों बचा लेव," पोरी, माझ्या सुनेला वाचव, एवढंच म्हणत होती. ड्यूटीवरचे डॉक्टर मांडवात पाहुण्यांबरोबर चहा घेत होते. जानकीनं निरोप पाठवला. पुन्हा पाठवला. शेवटी स्वतः गेली. डॉक्टर म्हणाले, "आते हैं, सिस्टर, चाय तो पी लें." जानकीनं त्यांच्या हातातली कपबशी काढून घेतली, टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "चाय बाद में. पहले उठिए."

आवाज मोठा होता, नाही म्हणत नाही. सगळ्या मांडवानं ऐकला. पण कपबशी फुटली नाही, चहा सांडला नाही. डॉक्टर उठले, त्यांनी ऑपरेशन केलं आणि फार चांगलं केलं. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप एरचला गेल्या.

आणि समितीनं काय ठरवलं? जानकीनं सोमवारच्या सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर डॉक्टरांची माफी मागावी, नाहीतर नोकरी सोडावी. का, तर ख्रिस्ती सेविकेला राग शोभत नाही. जानकी माफी मागायला तयार नाही. आणि सोमवार उद्या आहे.

मला सांगा, ज्या प्रभूनं मंदिरात बाजार मांडणाऱ्यांचे चौरंग उलथवले, त्याच्या नावाच्या रुग्णालयात एक कपबशी टेबलावर ठेवणं पाप कसं होतं? जानकीनं निदान ती सरळ ठेवली. त्याच प्रभूच्या तोंडावर लोक थुंकले, तेव्हा तो गप्प राहिला. अहिल्याबाईंनी मला शिकवलं ते हेच. जानकी स्वतःच्या मानासाठी ओरडली असती, तर मीच तिला अंगण झाडायला लावलं असतं. ती एरचच्या बाईसाठी ओरडली.

मला जनार्दनरावांचा राग आला. फार आला. आणि ते मला भावासारखे आहेत. माझ्या यजमानांच्या शवपेटीला पहिला खांदा यांनी दिला. म्हणूनच मनात राग ठेवून वरवरचा नमस्कार करणं मला जमेना. आम्हाला सांगितलं आहे, भावाचं चुकलं तर आधी एकट्यानं जाऊन सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने. तरी ऐकलं नाही तर मंडळीसमोर सांग. मी एकटी गेले, चहा मिळाला. जानकीचं नाव काढलं की, "ताई, शेव घ्या ना." मग कंपाउंडर वामनराव आणि इंदूताईंना घेऊन गेले. तिघांना चहा मिळाला. वामनरावांनी तर पुन्हा मागून घेतला. वामनराव, हसू नका, तुम्ही साक्षीदार म्हणून आला होतात.

आता मंडळी समोर आहे. पाळकसाहेब, मी नियमाबाहेर काही करते आहे का? मान हलवून नाही म्हणतात. आभारी आहे.

आणखी एक शिकवण आहे. देवापुढं अर्पण घेऊन निघालात आणि भावाशी बिनसलेलं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवा आणि आधी त्याच्याकडे जा. देण्याला हा नियम आहे, तर घेण्यालाही असावा. म्हणून मानिक चौकातून आणलेली ही शाल मी तूर्त टेबलावर ठेवते. रंग मला फार आवडला आहे, खोटं कशाला बोलू? जनार्दनराव, जानकीनं माफी मागायची नाही आणि नोकरीही सोडायची नाही, एवढं आपण या माइकवर सांगा. मग ती शाल मीच उचलून अंगावर घेईन आणि आपण दोघं मिळून प्रार्थना करू. आणि नाही सांगितलंत, तर उद्या सकाळी जानकी जिथं उभी राहील तिथं तिच्या शेजारी मी उभी असेन. मला आता कुणी नोकरीवरून काढू शकत नाही.

नव्या मुलींनो, राग आवरण्याविषयी मला एवढंच येतं.

मंडळाचे पदाधिकारी, फराळ करणाऱ्या भगिनी, खुर्च्या मांडणारे, सगळ्यांचे आभार मानते. इतक्या वर्षांत कुणाला टाकून बोलले असेन, कुणाला इंजेक्शन जरा जोरात टोचलं असेल, आज मानपानात कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर लहानमोठ्या सगळ्यांची हात जोडून क्षमा मागते. जानकीविषयी जे बोलले, तेवढ्याची मागत नाही.

मागून कुणी तरी चहा तयार असल्याची खूण करत आहे. पश्चिमेच्या खिडकीत ऊन अजून आहे, फार नाही. जनार्दनराव, चहा नंतर. आधी उठा.