राज्याचा रकाना आणि हवेत लटकलेला सूर

हॅलो? … हॅलो, ‘गृहदृश्य’ची ग्राहक सेवा ना? … नाही, आता परत एक दाबा, दोन दाबा नको, मी मराठीसाठी तीन दाबूनच इथवर आलेय. … तुम्ही माणूस आहात ना? टेप नाही? … बरं झालं. मग आधी एक प्रश्न. हा प्रश्न विचारायची माझी हिंमत होणार नाही आणि खरं उत्तरही मिळणार नाही म्हणून माझ्या मैत्रिणींनी पैज लावलीय. … तक्रार नंतर सांगते ओ, आधी प्रश्न! तुमच्या स्वतःच्या घरी तुमच्याच कंपनीची डिस्क लावता का हो तुम्ही? … हॅलो? … हॅलो?

सौम्ये, खिदळू नकोस, ऐकू जातंय.

हं, आहात का? … ‘आपलं नाव सांगा.’ म्हणजे माझा प्रश्न टाळलात. राहू दे, शेवटी परत विचारणार आहे. घ्या लिहून. ऋतिका नागेंद्र पाटील, कोगनोळी, नववी. … नववी कशाला म्हणजे? तुम्ही सगळंच विचारता, म्हणून आधीच सांगितलं.

डिस्क खो-खोची. निपाणीत जिल्ह्याची फायनल झाली, तिची. शूटिंग तुमच्याच लोकांनी केलं आणि दुसऱ्या कुणाला मैदानावर मोबाईल काढू दिला नाही. आमच्या मंगल मॅडमनी नुसतं किती वाजले बघायला काढला, तर तुमचा माणूस असा धावत आला, जणू बाईंनी कुणाच्या गळ्यातली साखळी ओढली. … हो, हो, माहीत आहे, ‘हक्क राखीव’. पळाले मी, गुडघे सोलले माझे आणि हक्क राखीव तुमचे. वा!

अडचण काय? … अहो ऐका ना. बेळगावला खेळाडूंच्या हॉस्टेलची निवड आहे. आज संध्याकाळी सहापर्यंत सामन्याचा व्हिडिओ पाठवायचा, नाहीतर उद्या सकाळी नऊला स्वतः मैदानावर हजर व्हायचं. आमचे आप्पा म्हणाले, व्हिडिओ जातोय तर माणूस कशाला जायला पाहिजे? … आप्पा म्हणजे वडील ओ. पोरगी एकटी बेळगावला जाणार म्हटल्यावर दोन दिवस आमच्या घरात कुणाला जेवण गोड लागलेलं नाही. म्हणून व्हिडिओ. शेवटची तीन मिनिटं फक्त. आता सव्वाचार झालेत.

… ‘प्रत काढता येत नाही.’ ते कळलंय म्हणून तर फोन केला! … मोबाईलनं टीव्हीचं शूटिंग? केलं की. नुसते पट्टे येतात. झेब्रे खो-खो खेळल्यागत दिसतंय.

… काय होऊ नये म्हणून? चोरी? कोण चोरणार, ते तरी सांगा. मुलींची खो-खोची फायनल चोरून बाजारात कोण विकणार? आमच्या शेजारच्या मनुबाई? त्यांना रिमोट उलटा धरलेला कळत नाही. … नाही, मी आवाज चढवत नाही, माझा आवाजच असा आहे. डिस्कमध्ये मी, डिस्क घेतली आम्ही, आणि चोर पण आम्हीच!

आणि प्रतीचं सोडा, आता ती लागतच नाही. … दुकानात लागली हो, दुकानातल्या डब्यावर, म्हणजे तुमच्या डिस्क लावायच्या मशीनवर, झकास लागली. तो स्वरूप म्हणून तुमचा विक्रेता आहे ना निपाणीत, तो म्हणाला, आयुष्यभराची आठवण घेऊन जा. आणली. नवा डबा सोप्यात, पुढच्या खोलीत, टीव्हीखाली ठेवला, डिस्क घातली, तर पडद्यावर काय? ‘आपल्या विभागात उपलब्ध नाही.’ माझ्याच घरात मी उपलब्ध नाही!

मग परड्यात लागली. … परडं हो, घराच्या मागं असतंय ते. … खोटं कशाला सांगू? आमचं घर सीमेवर, पुढच्या दारात मोबाईल कर्नाटकचा टॉवर धरतो, मागच्या दारात महाराष्ट्राचा. तुमचा डबा पण तसाच टॉवर धरतो म्हणे. म्हणून आप्पांनी वायर ओढून टीव्ही परड्यात मांडला, म्हशीशेजारी. अर्धी गल्ली जमली. शेवटचा डाव. दोघींना बाद केलंय मी, तिसरी खांबाकडं पळतेय, मी सूर मारला… आणि पडदा काळा! … टॉवर बदलला असंल, नाहीतर काय. आठवडा झाला, मी अजून हवेतच आहे. मनुबाई रोज विचारतात, पडलीस का गं खाली?

… दुसऱ्या मशीनवर? आत्याकडं दुसऱ्या कंपनीची ‘चित्रपेटी’ आहे. ती तुमची डिस्क बघूनच तोंड फिरवते. आणि आत्याच्या लेकीचं लग्न चित्रपेटीच्या कार्डात आहे, ते आमच्या डब्यात घुसत नाही. चुलतभावांनी बांधावरनं बोलणं टाकल्यागत चाललंय तुम्हा दोघांचं. भांडण तुमचं आणि आम्ही आपलं काळ्या पडद्यासमोर बसायचं. हायवेच्या नाक्यावर ट्रक अडवतात ते समजतं हो. खो-खोला कसला नाका?

… काय म्हणालात? नोंदणीत राज्य कुठलं? … परत वाचा. … राज्य महाराष्ट्र. जिल्हा बेळगाव. … असं लिहिलंय? … एक मिनिट धरा हं.

आप्पा! ओ आप्पा! डब्याचा फॉर्म कुणी भरलता? … तुम्ही? राज्याच्या रकान्यात काय लिवलंसा? … ‘नेहमी लिवतो तेच’! आप्पा, त्यो सभेतला ठराव न्हवता, डब्याचा फॉर्म हुता! … आई, तू हसू नकोस, शेजारी तुझी सही हाय.

हॅलो… हां. आमच्याच आप्पांचं काम. गाव महाराष्ट्रात जावं म्हणून, मला कळतंय तेव्हापासून ते प्रत्येक फॉर्मात हेच लिहितात. गॅसच्या लिहिलं, बँकेच्या लिहिलं, माझ्या शाळेच्या पण लिहिलं. साहेब लोक हसतात, खोडतात, नीट करून घेतात. खरं मानणारा पहिला तुमचा डबाच निघाला! म्हणून तर परड्यात चालतोय आणि सोप्यात चालत नाही. … व्हय, चूक आमची. मान्य. पण महाराष्ट्रात बेळगाव जिल्हा बघून तुमच्या संगणकाला काहीच वाटलं नाही? … आप्पा म्हणतात, हुशार हाय संगणक, त्याचा सत्कार करूया. ऐकू नका त्यांचं.

दुरुस्त करा की मग. … सात दिवस! … बरं, प्रतीची परवानगी तरी? … ओळखपत्र. आहे. फोटो. आहे. … आणि? … व्हिडिओत दिसणारी मुलगी मीच आहे, याचा पुरावा? सात नंबरची जर्सी आहे ना माझी! … तो पुरावा डिस्कमध्येच आहे हो. उघडा, म्हणजे दिसेल. … पुरावा दिल्याशिवाय उघडणार नाही. … आणि उघडल्याशिवाय पुरावा दिसणार नाही. … बरं. … बरं, बरं, बरं. हे तुम्ही जोरात म्हणून बघितलंय का कधी? एकदा आरशासमोर म्हणून बघा.

तुमचं नाव काय? … युवराज. गाव? … सांबरा! म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे की. मग दादा, आता खरं सांगा. पहिला प्रश्न. … रेकॉर्ड होतंय? बघा, तुमच्या बोलण्याची प्रत काढता येते, माझ्या खेळाची नाही! … हळू सांगा, चालेल. … हं. … हं? लेकीच्या बारशाचा व्हिडिओ… साध्या पेनड्राइव्हवर! … तीन प्रती! एक सासुरवाडीला! … नाही हो दादा, तुम्हाला नाही हसत. तुम्ही एकटेच शहाणे निघालात त्या ऑफिसात.

सौम्ये, चिन्मयी, ऐकलंसा? हरलासा! आठवडाभर माझं दप्तर तुमच्या खांद्यावर.

… नाही, नाही, तक्रार नोंदवू नका आता. तक्रार क्रमांक घेऊन मी काय त्याची कोशिंबीर करू? … पण फोन ठेवू नका हं. जरा साक्षीला राहा.

आई, हात पुसून भाईर ये. आप्पा, तुम्ही पण पेपर ठेवा. … आधी ऐका तरी. व्हिडिओ जात न्हाय. आज सहाला न्हाय आणि सात दिवसांनी बी जाईल का, देवाला ठावं. तुम्हीच म्हणला हुता, व्हिडिओ जातोय तर माणूस कशाला? आता व्हिडिओ जात न्हाय, तर माणूस जाणार. उद्या सहाच्या गाडीनं मी बेळगावला चालले. … विचारत न्हाय आप्पा, सांगतेय. … एकटी? व्हय, एकटी. खांबाजवळ सूर मारतानं तरी कोण हुतं माझ्यासंगं? … आठवडाभर हवेत लटकत ठेवलंय मला ह्यांनी. आता पडू द्या की खाली, पण त्या निवडणाऱ्यांच्या डोळ्यांम्होरं. त्याला टॉवर लागत न्हाय.

… हॉस्टेलचा फॉर्म? मीच भरलाय. … व्हय, राज्याचा रकाना बी. पिनकोडाला जे लागतंय तेच लिवलंय, कर्नाटक. रुसा पायजे तर. पण रुसून का असंना, साडेपाचला गाडी काढा आणि मला स्टॉपवर सोडायला या. … येतो म्हणलासा? झालं तर! … आई, तू रडतीस का हसतीस, एकदा काय ते ठरव. भाकरी मात्र दोनच बांध.

हां, युवराजदादा, ऐकलंत ना सगळं? … रेकॉर्ड पण झालं? झकास. सकाळी आप्पा बदलले, तर त्याची एक प्रत लागेल मला. … येत नाही ना देता? वाटलंच मला. ठेवते.