तात्यापाऱ्यातला वर्गणीदार

ऑडिटचं नाव काढलं की मले आजही घाम फुटते. रायपूर राजधानी झालं अन् जाहिरातवाले आमच्या मासिकाच्या खपाचा दाखला मागू लागले. मी सॉफ्टवेअरमधून वर्गणीदारांचा रिपोर्ट काढून दिला. खप तपासायला आलेले ऑडिटर म्हणाले, "यातल्या एकाच्या घरी चला." नाव निवडलं तात्यापारा मोहल्ल्यातल्या देशकरांचं.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. म्हणाल्या, "ते तर कधीचे वारले."

रिपोर्टात मेलेला माणूस, म्हणजे दाखला गेलाच.

ऑडिटरनं विचारलं, "मग वर्गणी कोण भरते?"

"मीच."

"वाचता?"

"मले कुठं दिसते आता?"

"मग काहून मागवता?" मीच विचारून बसलो.

"मी तर जन्मात त्यांचं नाव घेतलं नाही, भैया. अंक आला की पोस्टमन दारात मोठ्यानं घेते. तेवढंच कानावर पडते."