विठा मोकळी झाली

अंबरनाथच्या कचेरीत जुन्या दाखल्यांच्या खिडकीपुढची रांग काही हलत नव्हती. वृंदा पार वैतागली होती. तिच्या पुढे एक पोक्त बाई आणि तिची भाची उभ्या होत्या.

"आत्या, विठाच्या मृत्यूची नोंद मिळाली की वंशावळीत पणजोबांची सगळी मुलं कम्प्लीट."

"बाबांची ही बहीण इतक्या तरुणपणी गेली? बाबा कधी बोलले नाहीत गं."

"पणजोबांच्या पत्रातच आहे ना! आणि जांभूळ गावचा तो म्हातारा फोन करतो, मी विठाचा मुलगा म्हणून. फ्रॉड साला. ब्लॉक केला मी."

"पत्रात काय लिहिलंय? वाच बघू."

"'चि. सौ. विठा काल पहाटे मोकळी झाली. काळजी नसावी.' मोकळी, म्हणजे सुटली बिचारी."

"अगं भवाने! मोकळी झाली म्हणजे बाळंत झाली! बाळंतपणाला माहेरी आली असेल. लाव त्याला फोन. माझा आतेभाऊ आहे तो!"

"आईशप्पथ! आता काय म्हणू त्यांना?"

"म्हण, तुमच्या मामाच्या घरून बोलतेय."

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "मयताचं नाव?"

"मयत कसली हो," आत्या म्हणाली, "बाळंतीण आहे. सुखरूप."